वरच्या लाइनला दिलेली गाडी

माझा नवरा गाड्या वाटायचा. खेळण्यातल्या नव्हे, चेन्नईच्या लोकलच्या अख्ख्या गाड्या. कोणती कुठल्या लाइनवर धावणार, कोणती धुवायला उभी राहणार, कोणती कायमची उठून शेजारच्या विभागाच्या गळ्यात पडणार, हे सगळं ज्या कारशेडमध्ये मांडलं जायचं तिथं तो इंजिनिअर होता. घरी चार पाहुणे आले तर कुणाला कुठं झोपवायचं हे या माणसाला सुचत नसे. तो सरळ उशी घेऊन गच्चीवर निघून जायचा. पण शेडमध्ये बसून तो रोज हजारो माणसांची सकाळ इकडची तिकडे करायचा आणि संध्याकाळी घरी येऊन मलाच विचारायचा, आज तुझ्या गाडीला उशीर का झाला म्हणून.

भुसावळहून बदली होऊन आम्ही इकडे आलो ते दोन हजार सालानंतरचे दिवस. माझ्या खात्यानं मलाही नुंगंबाक्कमच्या कचेरीत जागा दिली, आणि नवरा-बायकोला एका गावात ठेवल्याचे उपकार पुढे प्रत्येक रजेच्या वेळी ऐकवले. क्रोमपेटला, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा घराचा वरचा मजला आम्हाला भाड्यानं मिळाला. खाली घरमालक राहायचे. ते तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज कधीतरी राजाच्या लवाजम्याबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहूनच गेलं. आपली माणसं म्हणून त्यांनी आम्हाला घर दिलं, आणि आपलीच माणसं म्हणून नळ कधी बंद करायचा, कपडे कुठल्या दोरीवर वाळत घालायचे, हेही सांगायला सुरुवात केली. त्यांचं मराठी तमिळ चालीवर चालायचं आणि जुन्या बखरीत शोभेल असं होतं. ‘पाहिजे’ला ते ‘होणे’ म्हणत. आमचं मराठी ऐकून मात्र ते मान हलवायचे. त्यांच्या मते आम्ही तिकडे राहून भाषा पार बिघडवून टाकली होती.

घरमालकांना सगळी गल्ली मामा म्हणायची. मामी वारल्या होत्या. मुलगा बँकेत, बदलीवर त्रिचीला. शनिवारी रात्री यायचा आणि रविवारी संध्याकाळी जायचा. कोणत्याही प्रश्नावर त्याचं मत ‘अप्पा सांगतील तसं’ हे असायचं, त्यामुळे त्याच्याशी बोलण्यात फारसा वेळ जात नसे. घरात खरं चालतं-बोलतं माणूस म्हणजे मामांची सून. ती नुंगंबाक्कमला डोळ्यांच्या एका दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायची. शिकून, परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी होती. ‘हे बरं दिसतं, की हे?’ असं दिवसभर लोकांना विचारत राहायचं, हे तिचं काम, आणि ते तिला मनापासून आवडायचं. मला ती अक्का म्हणायची. तिच्या बोलण्यात तमिळ, इंग्रजी आणि सासरचं मराठी एकाच ताटात वाढलेलं असे, आणि ती ते भराभर कालवून खायची.

मामांनी तिला नोकरी करू दिली होती, हे ते स्वतःच प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. ते जुन्या वळणाचे नाहीत, हेही त्याच दमात सांगायचे. अट फक्त एक होती. जायचं ते लेडीज स्पेशलनं, यायचं ते लेडीज स्पेशलनं. तांबरमहून चेन्नई बीच स्टेशनकडे सकाळी एक अख्खी लोकल फक्त बायकांसाठी सुटायची आणि संध्याकाळी तशीच एक परत यायची. साध्या गाडीतही बायकांचा डबा असतो, पण मधे नुसती जाळी आणि पलीकडे पुरुष. ते मामांना चालणारं नव्हतं. ही अट घालण्याआधी त्यांनी रीतसर चौकशी केली होती. आठवडाभर ते रोज सकाळी समोरच्या फलाटावर छत्री घेऊन उभे राहिले आणि गाडीत एकही बाप्या चढत नाही याची खात्री करून घेतली. इतक्या कसून तपासणीनंतरच सुनेला परवानगी मिळाली. रेल्वे खात्यात इतकी कसून तपासणी झाली असती तर पुढचं काही घडलंच नसतं.

त्या लेडीज स्पेशलचं आम्हा बायकांना मोठं सुख होतं. तांबरमला बसणाऱ्या मैत्रिणी आमच्या दोघींसाठी पिशवी ठेवून जागा धरायच्या. खिडकीची जागा सुनेची. दवाखाना सुटल्यावर तोंड धुताना कपाळावरची टिकली काढायची आणि येताना खिडकीशेजारच्या पत्र्यावर चिकटवून ठेवायची, ही तिची सवय. उद्या तीच परत लावीन म्हणायची आणि रोज नवीन लावून यायची. पत्र्यावर लाल टिकल्यांची एक वाकडीतिकडी रांग तयार झाली होती. गाडी धुणाऱ्या बायकांनाही ती काढून टाकावीशी वाटली नव्हती.

गाडीही उत्तम होती. रेकमध्ये, म्हणजे जोडलेल्या सगळ्या डब्यांत मिळून, एकही पंखा बंद नाही, एकही खिडकी अडकत नाही. याला कारण रेल्वेची स्त्रीदाक्षिण्याची भावना नव्हे. पुरुष गाडी बिघडली की शिव्या देतात आणि विसरून जातात. बायका लिहून तक्रार देतात, खाली सह्या घेतात आणि प्रत वरच्या साहेबाला पाठवतात. शिवाय त्या गाडीत शेडच्या इंजिनिअरची बायको बसायची. शेडमधला सगळ्यात चांगला रेक लेडीज स्पेशलला लावलेला होता, आणि त्यात माझ्या रोजच्या संध्याकाळच्या बोलण्याचा वाटा किती हे नवऱ्यानं कधी कबूल केलं नाही.

अशात वरची लाइन पेरुंगुडीच्या पुढं पोचली. खांबांवरून जाणाऱ्या या लाइनला लोक ‘परक्कुम रयिल’, उडणारी रेल्वे, म्हणायचे. स्टेशनं एवढी मोठी की आत एखादं लग्न लागावं, आणि माणसं इतकी थोडी की लग्नाला साक्षीदारही मिळू नयेत. तिचा कारभार वेगळ्या विभागाकडे होता. लाइन लांबली, तेव्हा त्या विभागानं मागणी केली की आम्हाला आणखी एक रेक हवा. इकडे आमच्या लाइनवर माणसं दारात लटकत होती आणि तिकडे डब्यात कुत्री झोपत होती. तेव्हा रेक इकडून तिकडे द्यायचा, हे ओघानंच आलं.

रेक देण्याघेण्याची एक रीत असते. कुठं लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. दुसऱ्यानं रेक मागितला की आपल्याकडचा सगळ्यात वाईट निवडायचा, रंग द्यायचा, आणि उत्तम स्थितीत आहे म्हणून सही करून पाठवायचा. घेणाराही शहाणाच असतो. पुढं कधी परत द्यायची वेळ आली की त्याच्याकडचा सगळ्यात वाईट रेक तो परत देतो. मला यात नवल वाटलं नाही. नवरात्रात आपण बायका ओटीच्या ब्लाउजपिसांचं दुसरं काय करतो? चांगलं पीस कपाटात जातं आणि शेवाळी रंगाचं, चकचकीत काठाचं, कुणी कधी शिवणार नाही असं पीस पुढच्या घरी जातं. मद्रासेत ही प्रथा तर फारच जोरात. बोम्मै कोलू, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या, बघायला दहा घरी जायचं, दहा पिसं आणायची आणि दहा घरी पोचवायची.

आमच्या शेडमध्ये वाईट म्हणावा असा एक रेक होताच. चढावर धूर काढायचा, दारं आपोआप लागायची आणि हातानं लागायची नाहीत. तो वरच्या लाइनला द्यायचा असं शेडमध्ये एकमतानं ठरलं. खालपासून वरपर्यंत रंग झाला, सह्या झाल्या, आणि जाण्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा आली.

चेन्नईच्या कारशेडमधली आयुधपूजा ज्यानं पाहिली नाही त्याला मी काय सांगणार. पान्यापासून लेथपर्यंत आणि साहेबाच्या गाडीपासून शिपायाच्या सायकलीपर्यंत प्रत्येक वस्तूला गंध-कुंकू. केळीचे खांब, झेंडूच्या माळा, कुंकू भरलेला कोहळा फोडलेला, आणि सगळ्यांना चुरमुरे-डाळं वाटलेलं. घरच्यांनाही बोलावणं असतं. मी गेले तर काय, तो धूर काढणारा रेक नवरीसारखा सजवलेला. पुढच्या तोंडावर हार, दोन्ही दिव्यांना चंदनाचे ठिपके, दारादारांना आंब्याची पानं. शेडच्या माणसांनी त्याला निरोप द्यायचं मनावर घेतलं होतं. वर्षानुवर्षं ज्याला शिव्या दिल्या तो चाललाय म्हटल्यावर त्यांना गहिवरून आलं होतं, आणि माळांच्या खाली गंज दिसत नाही, हाही एक फायदा होताच. लेडीज स्पेशलचा रेक सकाळची फेरी संपवून उशिरा आत आला. तोवर फुलं संपली होती. त्याच्या धुळकट तोंडाला एक कुंकवाचा ठिपका आणि चाकाखाली एक लिंबू, एवढ्यावर त्याची पूजा उरकली.

त्याच वेळी मुख्य कचेरीतले मोठे साहेब सपत्नीक आले. साहेबांचा सगळा अनुभव फायलींचा. गाडीला पुढं-मागं दोन्हीकडे तोंड का असतं, हे त्यांना कुणीतरी वर्षभरापूर्वी समजावून सांगितलं होतं असं माझा नवरा म्हणायचा. ते सजवलेल्या रेकपुढं थांबले, खूश झाले, आणि वरच्या लाइनला जाणारा रेक कोणता असं विचारलं. हाच, असं सांगितल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“इतकी देखणी गाडी देऊन टाकता? ही इथंच ठेवा,” ते म्हणाले, आणि लेडीज स्पेशलच्या रेककडे बोट केलं. “ती मळकी द्या त्यांना.”

कुणीतरी एकानं तोंड उघडलं असतं तर काम झालं असतं. पण उघडून सांगणार काय? साहेब, हा देखणा आहे तो आतून सडका आहे, आणि तो उत्तम आहे अशा सह्या आम्ही केल्या आहेत? सगळं शेड फुटक्या कोहळ्याकडे बघत उभं राहिलं. मी नवऱ्याला कोपर मारलं. त्यानं ‘सरी सार’ म्हटलं. इकडच्या खात्यात ‘सरी सार’ म्हणजे हो साहेब, आणि तिथं बोलणं संपतं.

मी साहेबांच्या बायकोला गाठलं. म्हटलं, बाईच्या कानावर घातलं तर रात्री जेवताना साहेबांच्या कानावर जाईल. तिला मी समजावून सांगू लागले की ती मळकी गाडी आम्हा बायकांची आहे, रोज शेकडो बायका तिच्यावर विसंबून आहेत. तिनं अतिशय प्रेमानं ऐकलं, माझ्या हातात हळद-कुंकवाचं पाकीट ठेवलं आणि वर एक ब्लाउजपीस दिलं. शेवाळी रंगाचं, चकचकीत काठाचं. काठाला शाईचा एक बारीक डाग होता, तो मीच पाडलेला. दोन नवरात्रांमागं ते मी शेजारच्या गल्लीत देऊन टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी आमचा रेक वरच्या लाइनला गेला आणि देखणा रेक लेडीज स्पेशल झाला. पहिला आठवडा तो लाजऱ्या सुनेसारखा वागला. मग पल्लावरमला त्यानं दारं बंद करून घेतली. मग सैदापेटच्या पुलावर धूर काढला. एकदा गिंडीच्या अलीकडे तो असा बसला की आम्ही सगळ्या जणी साड्या वर खोचून खडीवरून चालत स्टेशनात गेलो आणि बघणाऱ्यांची चांगली करमणूक झाली. बायकांनी तक्रारी लिहिल्या, सह्या घेतल्या, प्रती पाठवल्या. त्याचा परिणाम झाला. फलाटावर सूचना लागली की गैरसोय टाळण्यासाठी लेडीज स्पेशल तात्पुरती रद्द करण्यात येत आहे.

दुसरा कुठला रेक लावा, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, कुठला लावू? साधी गाडी काढली तर पुरुष रुळांवर बसतील, दगड मारतील. लेडीज स्पेशल रद्द केली तर बायका साध्या गाडीत बसून जातील. त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. त्याचाच मला जास्त राग आला. आणि तात्पुरतं म्हणजे किती, हे मी विचारलंच नाही. याच खात्यात तात्पुरते लागलेले लोक पेन्शन घेऊन घरी गेलेले मी पाहिले होते.

आम्ही बाकीच्या खरंच साध्या गाडीतून जाऊ लागलो. खालची सून घरी बसली.

मामा तिला एका शब्दानंही रागावले नाहीत. तेच तर अवघड होतं. रागावणाऱ्या माणसाशी भांडता येतं. मामा रोज सकाळी स्टेशनात जाऊन सूचना वाचून यायचे आणि अजून नाही म्हणून हळहळायचे. मी एक दिवस खाली जाऊन बसले. म्हटलं, मामा, मी रोज त्याच साध्या गाडीच्या बायकांच्या डब्यातून जाते. माझं काही झालंय का? तिला माझ्याबरोबर पाठवा. त्यांनी माझ्यापुढं कॉफीचा पेला सरकवला. झोपाळ्याची कडी कुरकुरत होती.

“तुम्ही तिकडची माणसं, तुमचं वेगळं,” ते म्हणाले. “आम्हांस चौघांत राहणं आहे. गाडी पुन्हा येऊ दे, मग जाऊ दे. मी कधी नको म्हणालो?”

खरंच, ते कधी नको म्हणाले नव्हते. मी कॉफी पिऊन वर आले आणि भांडी आपटली.

सून मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मी तिच्यावरच चिडले. म्हटलं, तू बोलत का नाहीस? आठवडाभर फलाटावर उभं राहून त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं ना, मग तुझ्या वागण्यावर विश्वास नाही का? तिनं दाराकडे बघून आवाज खाली आणला.

“अक्का, अप्पांना समोरच्या फलाटावरून बाई की बाप्या हे दिसतच नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मी ऑपरेशन करा म्हणते, तर सगळं दिसतं म्हणतात.”

म्हणजे सासऱ्यानं रंग बघून परवानगी दिली होती. साड्या रंगीत, म्हणून गाडी बायकांची. आम्ही दोघी दोरीला धरून हसलो. हसता हसता ती एकदम थांबली आणि राहिलेले कपडे झटकू लागली.

दवाखान्यातून तिला फोन यायचे. आधी आठवड्यानं, मग महिन्यानं. ती सांगायची की गाडी सुरू होतेय, थोडे दिवस. घरी तिनं स्वस्थ बसून राहायचं नाकारलं. मागच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना स्टुलावर बसवून तपासू लागली. मामा कौतुकानं म्हणायचे, बघा, घरच्या घरीच सगळं होतं. मी मात्र पाहिलं होतं की तिच्याकडे भिंगाची पेटी नव्हती. ‘हे बरं दिसतं, की हे’ असं विचारायला तिच्या हातात काहीच नव्हतं. अमुक ठिकाणी जाऊन दाखवा, एवढंच ती सांगू शकायची.

एका रविवारी नवरा मला वरच्या लाइनवर घेऊन गेला. माझा राग शांत करण्यासाठी बहुतेक. हा माणूस बायकोला फिरवायचं तरी गाडीतच फिरवतो. उतरणीला लागलेल्या उन्हात एका भल्यामोठ्या रिकाम्या स्टेशनात आमचाच रेक आला. प्रत्येक डब्यावर तमिळमध्ये आणि इंग्रजीत ‘फक्त महिलांसाठी’ तसंच रंगवलेलं होतं. काढायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. आत त्या पाटीखाली एक माणूस चप्पल उशाला घेऊन घोरत होता. पंखे सगळे चालू. मी डबा शोधला, खिडकी शोधली. टिकल्या होत्या. गाडी पेरुंगुडीच्या नव्या काचेच्या इमारतींवरून, दलदलीवरून तरंगत गेली आणि आम्ही दोघं आणि तो झोपलेला माणूस, एवढ्यांना घेऊन परत आली. नवरा म्हणाला, बघ, अजून मोटरचा आवाज कसा आहे. त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि त्याला ते मोटरच्या शब्दांतच सांगता येत होतं.

त्यानं प्रयत्न केले, हे मी नाकारत नाही. वरच्या लाइनच्या विभागाला विचारलं की बदलून देता का. ते म्हणाले, देतो की. आम्हाला चुकून चांगली गाडी दिली आणि वाईट ठेवून घेतली, एवढं तुमच्या साहेबांच्या सहीनं लिहून द्या. साहेबांपुढं हे ठेवायला कुणी जाईना. नवऱ्यानं जायचं ठरवलं, तेव्हा साहेब परदेशी गेले होते, गाड्यांचा अभ्यास करायला.

उन्हाळ्यात मामा जिन्यावरून पडले. फार लागलं नाही, पण सगळं दिसतं हे म्हणणं संपलं. ऑपरेशन करायचं ठरलं आणि ओळखीची जागा म्हणून सुनेचाच दवाखाना निवडला. रिक्षातून ती त्यांना घेऊन गेली, औषधं घातली, आधी एक आणि मग दुसरा डोळा झाला, नवा चष्मा आला. मामा जग पुन्हा पाहू लागले. त्यांना माझ्या साडीचा रंग दिसला, पेपरातली निधनाची पानं दिसली, गच्चीच्या कोपऱ्यातलं जळमट दिसलं आणि त्याबद्दल आम्हाला बोलणीही बसली. दवाखान्याची त्यांनी तोंडभरून स्तुती केली. विशेषतः त्यांचा नंबर काढणाऱ्या एका मुलीची. किती शांतपणे विचारते, हे बरं दिसतं का ते. आवडी गावाहून येते म्हणे, दोन साध्या गाड्या बदलून, गर्दीतून, रोज. धीट पोरगी, म्हणाले. सून तेव्हा आत कॉफी गाळत होती.

पुढच्या नवरात्राआधी वरच्या लाइनला कारखान्यातून कोरे रेक मिळाले. आता जुना एक परत द्यायचा होता. रीतीप्रमाणे त्यांनी आपल्याकडचा सगळ्यात वाईट निवडला. बाकीचे सगळे आता कोरे, त्यांच्यापुढं सगळ्यात वाईट म्हणजे आमचाच. त्यांनी त्याला रंग दिला, सह्या केल्या आणि आमच्या पदरात टाकला. शेडमध्ये पेढे वाटले. परदेशातून परतलेल्या मोठ्या साहेबांनी हिरवा झेंडा दाखवला, आणि महिलांसाठी आपल्या कारकिर्दीत सुरू झालेली नवी गाडी म्हणून दोन शब्द बोलले. या वेळी फुलं पुरली होती.

त्या दिवशी मामा स्वतः फलाटावर गेले. समोरच्या नव्हे, याच फलाटावर, नवा चष्मा लावून. परत आले ते लहान मुलासारखे खुशीत. मी जिन्यात होते. मलाही त्यांनी आत बोलावलं, साक्षीदार म्हणून असेल.

“गाडी आली,” ते सुनेला म्हणाले. “मी नीट पाहिलं. एकही बाप्या नाही. उद्यापासून जा.”

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला पीठ होतं.

“कुठं जाऊ, अप्पा?” ती म्हणाली. “तुमचा नंबर जिनं काढला ना, ती माझ्या जागेवर आहे.”

मामांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पण परत लावला नाही. सून आत गेली आणि लाटायला लागली. मला तिथं थांबवेना. मी वर आले आणि नवऱ्यानं आणलेला पेढा तसाच पुडीत बांधून ठेवला.

दुसऱ्या दिवशी लेडीज स्पेशल वेळेवर आली. तांबरमच्या बायकांनी सवयीनं आमच्या दोघींसाठी पिशवी ठेवून जागा धरली होती. रंगाऱ्यानं बाहेरून सगळं नवं केलं होतं, आतल्या पत्र्याला हात लावला नव्हता. टिकल्या होत्या तशा होत्या. मी खिडकीची जागा सोडून शेजारी बसले. पल्लावरमला पुष्कळ बायका चढल्या. गळ्यात नोकरीचं नवं कोरं कार्ड अडकवलेली एक मुलगी माझ्यापुढं आली आणि तिनं विचारलं, इथं कुणी आहे का. मी म्हटलं, आहे. ती बिचारी दांडीला धरून उभी राहिली, आणि मी नुंगंबाक्कमपर्यंत त्या जागेवरची पिशवी उचलली नाही.